उंबऱ्याबाहेरची अक्का

फोन ह्यांचाच होता. एरवी "हं, बोल" एवढं म्हणून समोरच्यालाच बोलायला लावणारा हा माणूस, त्या दिवशी मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाला, "अक्का गेली." मग मागं कुणाचं तरी रडणं आणि आमच्या गल्लीतल्या कोंबड्याचं आरवणं तेवढं ऐकू येत राहिलं. मी पुण्याला लेकीकडं होते. अक्काचं हृदय थकलंय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मी जायलाच तयार नव्हते. तर तिनंच मला हाकलून लावलं. "जा की, लेकीकडं जाऊन ये. म्या काय पळून जाते व्हय?" म्हणाली. आणि गेलीच. सकाळचा चहा पिऊन, कप विसळून पालथा घालून, खाटेवर जरा टेकली ती टेकलीच. आता ह्याला महिना होऊन गेला, तरी फोन वाजला की उचलायला मी ह्यांनाच सांगते.

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी सख्खी नणंद. तोंडावर मी तिला जन्मभर "तुम्ही" म्हणाले, पण लिहिताना "त्या" लिहिलं की कुणा दुसऱ्याच बाईबद्दल लिहितेय असं वाटतं, म्हणून इथं मी "ती"च म्हणणार आहे. तिनं लग्न केलं नाही. बेंबळीच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत शिवणयंत्रापाशी तिचं सगळं आयुष्य गेलं. गावात कुणाकडं बाळ झालं की त्याच्या अंगावरचं पहिलं झबलं-टोपडं अक्काच्या हातचं असायचं. मऊ, धुऊन धुऊन आणखी मऊ केलेलं कापड, आणि शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाळाच्या अंगाला टोचायला नको. पैसे घ्यायची नाही. मात्र ते झबलं घेऊन ती कधी कुणाच्या घरी गेली नाही. कुणाच्या तरी हाती पाठवून द्यायची. बारशाचं आमंत्रण आलं की हिचं डोकं दुखायला लागलंच म्हणून समजा.

मी तामलवाडीची. लग्न होऊन बेंबळीला आले, तेव्हा दारात माप ठेवलेलं, बायका जमलेल्या, आणि दार अडवायला उभी होती एक चुलत नणंद. आमच्याकडं नवरी घरात यायच्या आधी नणंद दार अडवते, भावाकडून त्याची होणारी लेक आपल्या लेकासाठी मागून घेते, आणि तो हो म्हणाला की मगच सोडते. थट्टेचा मामला. मी मुळातच तोंडाळ. मला घरी सांगितलेलं की सख्खी नणंद एकच आहे. मी खाली मान घालायचं सोडून विचारलं, "सख्ख्या नणंदबाई कुठंयत?" तर एकीनं उगाच माप सरळ केलं. सासूबाई म्हणाल्या, "हाय की मागं. तिला लई काम हाय. तू ये आत." घरात लग्न आणि सख्ख्या बहिणीला दार अडवण्यापेक्षा मोठं काम असावं, ह्याचं मला भारी नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारी चुलीपुढं बसलेली एक बारीक, सावळी बाई माझ्याकडं न बघता म्हणाली, "आलीस व्हय? पाणी तापलंय. न्हाऊन घे." ही आमची पहिली भेट.

मला वाटलं, बाई घमेंडी आहे. मग वाटलं, हिला भाऊच आवडत नसणार. कारण हे एसटीत ड्रायव्हर होते, आणि रोज ड्यूटीवर निघायची वेळ झाली की अक्का हातातलं काम टाकून परसात जाऊन उभी राहायची. ह्यांच्या गाडीचा आवाज गल्लीच्या कोपऱ्यावरून गेला की मगच आत. डबा मात्र तीच भरायची. धपाटे, शेंगांची चटणी, वर एक कांदा. डबा चुलीपाशी ठेवायचा आणि निघून जायचं. रस्त्यानं चालताना समोरून कुणी नवी नवरी, कुणी परीक्षेला निघालेलं पोरगं दिसलं की ही वाट सोडून खाली उतरायची, पार काट्याकुट्यात. तिला बघायला पाहुणे आले होते म्हणे एकदा, अणदूरचे. मुलगा चांगला, शेती बरी. सगळं जुळत आलं, तर चहाचे कप गोळा करता करता हिनंच त्याच्या आईला सांगितलं, "माझा पायगुण वाईट हाय. तुमचं घर चांगलं दिसतंय, कशाला नादी लागता?" पाहुणे जे उठले ते पुन्हा त्या वाटेला फिरकले नाहीत. ही गोष्ट गावात हसून सांगायचे लोक. मीही पहिल्यांदा हसलेच.

माझी लेक झाली, मी माहेरहून तिला घेऊन आले, तेव्हा मागच्या खोलीत झबल्यांची चळत रचून ठेवलेली. टोपड्यांना बारीक घड्या, दुपट्याला काठ. मी कौतुकानं लेक तिच्यापुढं धरली तर तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. म्हणाली, "हात धुतल्याले न्हाईत." दुसऱ्या दिवशीही हात धुतलेले नव्हते. तिसऱ्या दिवशीही नाही. जी बाई दिवसभर पाण्यात असते तिचे हात तेवढे नेमके बाळ दिसलं की घाण होतात… माझं डोकं फिरायचं. लेक चालायला लागली, आपली आपण जाऊन तिच्या लुगड्याला बिलगली, तेव्हा कुठं अक्कानं तिला उचललं. चालतं-बोलतं झालेलं मूल तिला चालायचं. पाळण्यातलं नाही. एक दिवस मी यंत्रापाशी जाऊन उभी राहिले आणि स्पष्टच विचारलं, "अक्का, आमच्या लेकीला विटाळ झालाय का? दुसऱ्याच्या पोराला झबली शिवता, आणि घरच्या लेकराला हात लावीत न्हाई?"

तिनं यंत्र थांबवलं नाही. चाकावरचा हात तसाच. सांगितलं, ते एखादा पत्ता सांगावा तसं. "म्या सात वर्साची असंन. ह्याच्या आधी एक भाऊ झाला हुता आमाला. त्याच्या बारशादिशी गाय व्याली. म्या त्याला पाळण्यातनं काढलं अन् गोठ्यात नेलं, वासरू दावायला. वाऱ्याचं, गार होतं. दोन-तीन दिवसानं त्याला ताप भरला अन् ते गेलं." मग तिनं धागा तोडला. "आई म्हनली, तूच खाल्लंस गं माझं लेकरू. तुझा पायगुणच तसला. नंतर आबा बाजारला निघाले की चुलती म्हनायची, जरा मागं जा गं पोरी. चार-दोन येळा म्हनली. पुढं कुणी सांगायचं कामच पडलं न्हाय." आणि पुन्हा यंत्र सुरू.

मी तिथंच जमिनीवर बसले. एवढ्याशा पोरीनं भावाला वासरू दाखवायला नेलं, एवढीच तर गोष्ट. तिच्या जागी कुठलीही पोर असती तरी तिनं हेच केलं असतं. मला आधी चीड आली ती सासूबाईंची. आई असून पोटच्या पोरीला असं म्हणतं का कुणी? त्या वेळी सासूबाई हयात होत्या, थकल्या होत्या, अक्काच त्यांना अंघोळ घालायची, भाकरी कुस्करून भरवायची. एका दुपारी अक्का दळणाला गेली होती, ती संधी साधून मी त्यांना विचारलंच. सासूबाई हातावर टेकून उठून बसल्या. "म्या? म्या आसं कशाला म्हनीन माझ्या लेकीला?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. ते बाळ आठवत होतं, त्याचं नाक, त्याचे डोळे, सगळं. रडून रडून पडलेली रात्र आठवत होती. त्या रात्री तोंडातून काय निघालं ते नाही. दुःखात माणूस काय वाटेल ते बोलतो, आणि सकाळी उठून चूल पेटवतो. ऐकणारं मूल मात्र तिथंच उभं राहतं. मी उभा जन्म शाळेत मुलांना शिकवलं, पण एक शब्द एवढा लांब जातो हे मी त्या दुपारी शिकले. सासूबाईंनी त्यानंतर दोन दिवस अक्काला उगाच जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "जेवलीस का?" विचारलं. ह्यापलीकडं काही बोलणं त्यांना जमलं नाही. आणि मग त्याही गेल्या.

मी तिला समजावत राहिले. मोठमोठ्यानं, भांडून, लाडीगोडीनं. काही उपयोग व्हायचा नाही. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आमचं सगळं घर शेतात जायचं. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडायचे, हिरव्या दाण्यांची नि पालेभाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. ती भज्जी पहाटेपासून अक्का रांधायची, पण आंबिलीचा बिंदगा डोक्यावर घेऊन पुढं चालायचं सोडाच, पूजा आटोपून पहिला घास लोकांच्या तोंडात गेला की मग ही बांधाबांधानं यायची. मी एकदा तिच्यासाठी पूजा थांबवून धरली. ह्यांना म्हटलं, तुमची बहीण आल्याशिवाय नारळ फुटायचा नाही. ऊन डोक्यावर आलं, पोरं भुकेनं रडायला लागली, आणि अक्का लांब बोरीखाली उभी. शेवटी तिनंच हात हलवून खूण केली, "फोडा." मला त्या दिवशी रडू आलं. भूक मोठी नसते, भीती मोठी असते… आणि तिला स्वतःची भीती नव्हती हो. आपल्यामुळं दुसऱ्याचं वाटोळं होईल, ह्याची होती. अशा माणसाला भेकड तरी कसं म्हणायचं?

वर्षं गेली. हे निवृत्त झाले, मी झाले. लेक बाळंतपणाला आली आणि दिवस भरायच्या कितीतरी आधी तिला कळा सुरू झाल्या. धाराशिवच्या दवाखान्यात ऑपरेशन करून पोरगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. लेकीला ताप. बाळाला काही दिवस पेटीत ठेवलं, मग सिस्टर म्हणाली की आता हिला माणसाची ऊब पाहिजे, उघड्या छातीला लावून धरायचं, तासन्‌तास. आईला ताप आहे तोवर घरातली दुसरी कुठलीही बाई चालेल. मी पदर खोचून पुढं झाले आणि नेमकी खोकले. मला सर्दी-खोकला झालेला. सिस्टरनं मला दारातच अडवलं. "तुम्ही नाही मावशी. तुमच्यासंगं कोण आहे?" लेकीची सासू गाडीत होती, यायला संध्याकाळ होणार. हे बाप्यामाणूस, खाली औषधाच्या दुकानात. सिस्टरनं माझ्या खांद्यावरून बाहेर बघितलं. चपला काढून ठेवल्या होत्या त्या ढिगापाशी भिंतीला टेकून अक्का उभी होती. तयार झबली बाळाला फार मोठी होत होती म्हणून बाहुलीच्या मापाची झबली शिवून घेऊन आलेली, पिशवी पोटाशी धरून. "त्या आजींना पाठवा की," सिस्टर म्हणाली.

"मला नगं," अक्का म्हणाली. "माझे हात धुतल्याले न्हाईत."

"मग धुवा. ते काय बेसिन तिथं," असं म्हणून सिस्टर निघूनही गेली. तिला काय ठाऊक, ह्या बाईचे हात किती वर्षांपासून धुवायचे राहिलेत ते.

अक्कानं हात धुतले. कोपरापर्यंत, घासून घासून. दाराशी आली आणि तिनं माझं मनगट धरलं. "शालन," म्हणाली, "हिला काय झालं तर?"

काही होत नाही, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. सगळे तेच म्हणतात. पण ते खोटं झालं असतं. त्या बाळाचा भरवसा डॉक्टरसुद्धा देत नव्हते. मी म्हणाले, "झालं तर आपण दोघी मिळून रडू, अक्का. पण ते तुमच्यामुळं नसंल. त्या भावाचंबी तुमच्यामुळं न्हवतं. लेकरू आजारी पडलं, म्हणून गेलं. वासरू बघून कुणी मरत न्हाई."

"आई आसं कधी म्हनली न्हाय," म्हणाली.

"त्यांच्या ध्यानातच न्हवतं अक्का. मी सांगते ना. त्यांच्या वाटणीचं मी सांगते."

माझं मनगट सोडून ती आत गेली.

मी काचेतून बघत होते. दवाखान्याचा ढगळा झगा पुढून उघडा, त्यात ते एवढंसं बाळ तिच्या छातीवर ठेवून वरून कापडानं बांधलेलं. अक्का आधी लाकडासारखी ताठ बसली होती. श्वाससुद्धा घेत नव्हती बहुतेक, कारण सिस्टर तिला काहीतरी रागावून सांगत होती. मग हळूहळू तिचे खांदे खाली आले. डोळे मिटले. ओठ हलायला लागले. देवाचं नाव घेत असेल असं मला वाटलं. संध्याकाळी विहीणबाई आल्या, हात-पाय धुऊन तयार झाल्या, तर अक्का बाळ द्यायलाच तयार होईना. "आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा. उठवू नगा," म्हणून तिनं माझ्या विहिणीला चक्क परतवून लावलं. पुढं घरी आल्यावर मी विचारलं, आत बसून काय पुटपुटत होतात? जरा लाजली. "त्येला सांगत हुते," म्हणाली. "म्हनलं, तुला वासरू दावायलाच नेलं हुतं रं मी."

त्या दिवसानंतर अक्का बदलली, असं लिहायला मला आवडलं असतं. पण सहा दशकं एका दुपारीत पुसली जात नाहीत. नवी नवरी समोर आली की पुढंही ती वाट सोडायचीच. मी दंड धरून ओढायचे तेव्हा दोन पावलं यायची. पण पाळण्यातल्या बाळाला ती घ्यायला लागली. नात वाचली, बाळसं धरलं, ओवी असं नाव ठेवलं तिचं, आणि बारशाला ह्या बाईचं डोकं दुखलं नाही. गावात मात्र वेगळीच हवा झाली. अक्काच्या पायगुणानं एवढंसं लेकरू जगलं म्हणे! ज्या घरांनी तिला कधी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं त्या घरच्या सुना तान्ही बाळं घेऊन आमच्या दारात यायला लागल्या. मला असा संताप यायचा. अक्का शांत. "तवाबी माझ्या पायात काय न्हवतं, आन् आताबी न्हाय," म्हणायची. "पेढं द्यायचं तर त्या सिस्टरीला नेऊन द्या." असं म्हणायची आणि हात धुवायला उठायची. आलेलं प्रत्येक बाळ घ्यायची. पायगुणावर तिचा विश्वास उरला नव्हता, पण लेकरू दारात आलंय तर घ्यायचंच, असा तिचा हिशेब. ती शेवटची चार वर्षं मी तिला हसताना खूप पाहिलं.

पुण्याहून आम्ही पोचलो तेव्हा सगळे आमच्यासाठी थांबले होते. अंघोळ घालून झाली. आमच्याकडं घरातलं मोठं माणूस गेलं की कुंकवात पावलं बुडवून त्यांचे ठसे पांढऱ्या कापडावर घेतात. सासूबाईंचे घेतले होते, मामंजींचे घेतले होते. कुणीतरी बाई दबक्या आवाजात म्हणाली, "लेकरं-बाळं न्हाईत, हिची पावलं कोण घेणार?" मी म्हणाले, मी घेणार. झबल्याची उरलेली मलमल काढली, ताटात कुंकू कालवलं आणि तिचा पाय हातात घेतला. किती लहान पाय होता. टाचांना भेगा, अंगठ्यापाशी बोरीचा काटा मोडून राहिलेली जुनी काळी खूण. फार जीव होता माझा तिच्यावर, आणि हे तिला मी कधी नीट सांगितलं नाही. भांडतच राहिले.

मागच्या आठवड्यात त्या कापडाला चौकट करून आणली. ह्यांनी देवघरात सासू-सासऱ्यांच्या शेजारी खिळा ठोकायला घेतला होता. मी म्हटलं, तिथं नको. दारातून आत आलं की डाव्या हाताची भिंत आहे, तिथं लावली. आणि आडवी लावली, बोटं आतल्या बाजूला. हे म्हणाले, "शालन, आडवं झालंय गं ते. बोटं वर पायजेत." मी म्हणाले, राहू द्या तसंच. ओवी आलीय सध्या, तिला प्रत्येक गोष्ट विचारायची असते. सकाळी खेळून घामेजून आली, उंबऱ्यात उभी राहून मान वाकडी करून त्या लाल पावलांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, अक्काआजी कुठं चाललीय?"

"कुठं न्हाई बाळा," मी म्हणाले. "घरात येतीय."